जुलैत तारा उंच, एप्रिलमध्ये खरखर, आणि दरवर्षी तेच

तक्रार अशी. मार्चमध्ये घेतलेली गिटार जूनपर्यंत लोण्यासारखी वाजते. पाऊस लागला की पंधरा-वीस दिवसांत तारा दाबायला जड जातात, एफचा बार धरताना तर्जनी भरून येते, वरच्या फ्रेट्सवर सूर किंचित चढा लागतो. दिवाळीनंतर आपोआप जरा बरं वाटायला लागतं. होळी झाली की उलटा प्रकार: तारा खाली बसतात, जाड तारेवर थोडा जोर दिला की फ्रेटला घासून खर्रर्र आवाज येतो, आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला तर फ्रेट्सची टोकं टोचतात. मे कसाबसा काढायचा, तोवर परत पाऊस.

तुमची गिटार सॉलिड लाकडाची असेल आणि हे चक्र ओळखीचं वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. प्लायवूडच्या गिटारला हा त्रास पुष्कळ कमी होतो, त्यामुळे ज्यांची स्वस्तातली गिटार दहा वर्षं खिळ्याला टांगून मजेत वाजतेय त्यांनी आम्हाला हसायला हरकत नाही.

माझी गिटार 1930 च्या दशकातल्या मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या ड्रेडनॉट नावाच्या मोठ्या आकाराच्या गिटारच्या धर्तीवर बांधलेली आहे. स्प्रूसचा टॉप, महोगनीची पाठ, सरसाने चिकटवलेले सांधे, आतल्या पट्ट्या कोरून हलक्या केलेल्या. पहिल्या दोन वर्षांत मी तिच्यावर जे काही उपचार केले ते जवळजवळ सगळे चुकीचे होते, म्हणून आधी तेच सांगते.

पहिल्या जुलैत एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली पट्टी धरली, 3 मिमी. "ॲक्शन हाय आहे मॅडम, सॅडल घासून देतो." (ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेट्सपासूनची उंची, सॅडल म्हणजे ब्रिजमधली हाडाची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात.) वीस मिनिटांत त्याने सॅडलच्या तळाचं 1.2 मिमी हाड उडवलं. तार 2.4 मिमीवर आली आणि मी खूश. (हा हिशेब दुपटीचा का, तर बारावी फ्रेट नट (हेडस्टॉककडची खाचांची पट्टी) आणि सॅडलच्या मधोमध असते. तिथे तार 0.6 ने उतरवायची तर सॅडल 1.2 ने कापावं लागतं.) पुढच्या एप्रिलमध्ये तीच तार 1.6 मिमीवर होती आणि अख्खी गिटार किरकिरत होती. मग दुसऱ्याकडे. त्याने ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली कांब, सैल करून दिला, खरखर थोडी दबली. जुलैत नेकला बाक आणि वर तारा उंच, दोन्ही एकदम. मग तिसरा, मग नवं सॅडल. पैशांचं सोडा, पण प्रत्येक जण त्या दिवशी समोर दिसणारी गिटार दुरुस्त करत होता, आणि ती गिटार दोन महिन्यांनी अस्तित्वातच नसायची.

डोक्यात उजेड पडला तो गिटारमुळे नाही, आईच्या तंबोऱ्यामुळे. तंबोरा मिरजेचा. जवारी बिघडली म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही दोघी तो घेऊन मिरजेला गेलो. कारागिराने घोडीवरून बोट फिरवलं, एकदा छेडून ऐकलं आणि तंबोरा परत गवसणीत घातला. "आत्ता हात लावला तर थंडीत परत यावं लागंल तुम्हास्नी. लाकूड पाणी प्यालंय. दसरा होऊन जाऊ दे, मग आणा." आई म्हणाली, "अहो, एवढ्या लांबून आलोय." तो नुसता हसला आणि चहा मागवला.

तंबोऱ्यात घोडीच्या माथ्याला तार हलकेच घासते म्हणून जवारी बोलते, दोरा सरकवून आपण ती हवी तिथे आणतो. गिटारमध्ये तार फ्रेटला घासते तेव्हा त्याच प्रकाराला आपण बझ म्हणतो आणि वैतागतो. दोन्हीकडे खेळ केसाएवढ्या उंचीचा, आणि ती उंची लाकडाच्या हातात.

नेमकं होतं काय

लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात बाथरूमचं दार अडकतं ते याचमुळे. गिटारचा टॉप, तंबोऱ्याच्या भाषेत तबली, ही जेमतेम तीन मिलिमीटरची फळी आहे. तिच्या आतून एक्सच्या आकारात आणि आडव्या-तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या. फळीला रुंद व्हायचं असतं, पट्ट्या होऊ देत नाहीत. मग ती वर फुगते, पापड भाजताना मधे उचलतो तशी. ब्रिज फळीवर, सॅडल ब्रिजमध्ये, तारा सॅडलवर, म्हणून सगळंच वर जातं. उन्हाळ्यात फळी आकसते, फुगवटा बसतो, कधी उलटी खळगी पडते, तारा खाली येतात. फिंगरबोर्डचं एबनी आकसतं पण फ्रेटचा धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. तेव्हा टोचणारी फ्रेट ही फ्रेटची तक्रार नव्हे. गिटारला तहान लागलीय.

आता जुन्या धाटणीच्या गिटारलाच हे जास्त का? मार्टिनने ड्रेडनॉटचा आकार आधी 1916 मध्ये ऑलिव्हर डिटसन कंपनीसाठी बनवला, 1931 पासून स्वतःच्या नावाने. नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून घेतलेलं. त्या काळी एक्सचा छेद साउंडहोलच्या जवळ असे आणि पट्ट्या कोरून बारीक केलेल्या असत, त्यामुळे ब्रिजभोवतीची फळी मोकळी राही आणि खर्ज असा भरून येई की आजही लोक त्यासाठी वाट्टेल ते पैसे मोजतात. पण 12-53 चा (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) संच सुरात लावला की टॉपवर 70 किलोहून जास्त ओढ येते. वादक आणखी जाड तारा लावू लागले तसे टॉप फुगू लागले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने छेद मागे सरकवला आणि 1944 च्या शेवटी कोरीवकाम बंदच केलं. म्हणजे आपण हौसेने जी बांधणी विकत घेतो ती कंपनीने स्वतः एकदा सोडून दिली होती. त्या खर्जासोबत हा लहरीपणाही घरी येतो.

आणखी एक. मार्टिनने 1985 पर्यंत फिरवता येणारा ट्रस रॉड दिलाच नव्हता, आणि काही काटेकोर प्रतिकृतींमध्ये आजही नेकमध्ये नुसती पोलादी कांब असते. तुमच्याकडे तशी असेल तर 'रॉड थोडा फिरवून बघू' हा पर्याय मुळातच नाही. एका अर्थी बरंच आहे.

आधी हवा मोजा

शंभरातल्या नव्वद जणांकडे हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा मीटर) नसतो आणि ॲक्शन मोजायची पट्टी मात्र असते. उलट हवं. एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर केसमध्ये ठेवा, एक खोलीत. बहुतेक कारखाने 45 ते 50 टक्के आर्द्रतेत गिटार बांधतात आणि आपण ती 45 ते 55 मध्ये राखावी अशी त्यांची अपेक्षा असते. पुण्यात माझ्या खोलीत जुलैत आकडा 84 वर होता आणि एप्रिलच्या दुपारी 22 वर. एकाच भिंतीवर, एकाच खुंटीला.

स्वस्त मीटर खोटं बोलतात, म्हणून मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, वर थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूइतपत. विरघळता कामा नये, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तितकंच. ते झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत न लवंडता बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 च्या आसपास यायला हवा, कारण मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा साध्या तापमानाला तेवढ्यावरच थांबते. माझा मीटर 68 दाखवत होता. झाकणावर पेनने '+7' लिहून टाकलं, काम झालं.

मग गिटारकडे वळा. सूर लावलेल्या गिटारवर, ब्रिजच्या मागे, 30 सेंटीमीटरची स्टीलची पट्टी टॉपवर आडवी उभ्या कडेने टेकवा. मधे टेकून दोन्ही बाजूंना डुगडुगली तर फुगवटा आहे. थोडा फुगवटा असणारच, या गिटारी तशाच बांधतात. उलट पट्टीच्या मध्याखालून उजेड दिसला तर लाकूड वाळलंय, आणि हे फुगण्यापेक्षा जास्त काळजीचं आहे, कारण फुगलेलं बसतं पण तडकलेलं सांधावं लागतं.

नेकचा बाक: जाड ई पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि चौदाव्यावर दुसऱ्या हाताने दाबा, सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो. एक-दोन कागद अलगद सरकले तर ठीक. चार सरकत असतील तर बाक जास्त, एकही जात नसेल तर नेक सरळसोट किंवा उलटी. ट्रस रॉड एवढ्याचसाठी आहे. ॲक्शन खाली-वर करायचा तो स्क्रू नव्हे. फिरवायचाच असेल तर एका वेळी अष्टमांश फेरा, मग दिवसभर थांबायचं, आणि तेही हवा 45 ते 55 मध्ये दोन आठवडे राहिल्यावर.

खरखर कुठून येते

सगळी खरखर हवेचीच असते असं मात्र नाही. फक्त मोकळी तार खरखरते आणि दाबली की थांबते? मग नटची खाच खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेट्सवरच? नेक फार सरळ झालीय. बाराव्याच्या पुढेच? सॅडल ठेंगणं, किंवा बॉडीला मिळते तिथे फिंगरबोर्ड उचललाय. एकाच फ्रेटवर? ती किंवा तिच्या पुढची फ्रेट उचकटलीय, नखाने दाबून बघा. हे चारही प्रकार हवा सुधारल्यावर आधी परत तपासायचे, मगच कुणाकडे न्यायचे.

आणि एक पाचवा प्रकार, ज्याने माझे तीन दिवस खाल्ले. एप्रिलमध्ये जी तारेवरचा एकच सूर वाजवला की कुठूनतरी झिणझिण यायची, कुठल्याही फ्रेटशी संबंध नाही. मी टॉपवर टकटक करून सैल पट्टी शोधली, पिकगार्ड दाबून पाहिलं, आरशात ब्रिजखालची प्लेट पाहिली, तारांचे मणी नीट बसलेत का बघितलं, हेडस्टॉकवर तारांची कापलेली टोकं एकमेकांना लागताहेत का तेही. शेवटी आई सूर छेडत बसली आणि मी हेडस्टॉकवर एकेका ठिकाणी बोट ठेवत गेले. चौथ्या खुंटीच्या बुडाशी बोट ठेवलं आणि झिणझिण गप्प. जुन्या पद्धतीच्या उघड्या चक्रांच्या ट्यूनरमध्ये खुंटीभोवतीचं निकेलचं बुशिंग नुसतं भोकात दाबून बसवलेलं असतं. लाकूड वाळलं, भोक सैल झालं, बुशिंग खुळखुळ्यासारखं वाजायला लागलं. हवेत ओलावा आल्यावर ते आपोआप घट्ट बसलं. फेविक्विक लावायचा मोह झाला होता, हे कबूल करते. लावू नका.

पावसाळ्यासाठी

गिटार हार्ड केसमध्ये, केस बंद. स्टँडवर शोभा वाढवायचे चार महिने हे नव्हेत. (आणि जुन्या पद्धतीचं नायट्रो लॅकर काही रबराशी प्रतिक्रिया करतं. स्टँडच्या काळ्या रबराने माझ्या मैत्रिणीच्या गिटारला कायमचा डाग पाडलाय.) केसमध्ये दुतर्फा काम करणाऱ्या, 49 टक्क्यांच्या पुड्या मिळतात, जास्त ओलावा शोषतात आणि कमी झाला तर सोडतात. बाकीच्या महिन्यांत उत्तम. आपल्या जुलैत मात्र केस रोज उघडली की आठवड्याभरात त्या फुगून टम्म होतात आणि हात टेकतात. म्हणून पावसाळ्यापुरती मी नारिंगी सिलिका जेल वापरते, कापडी पिशवीत साधारण पाव किलो. रंग हिरवट झाला की जुन्या कढईत मंद आचेवर परततात, कढई परत स्वयंपाकाला घ्यायची नाही. सिलिका जेलला थांबायचं कुठे ते कळत नाही, त्यामुळे मीटर रोज बघायचा. 45 च्या खाली गेला की पिशवी बाहेर.

मुंबईत किंवा कोकणात घर असेल आणि गिटार एकाहून जास्त असतील, तर एका छोट्या खोलीसाठी डीह्युमिडिफायर हाच शहाणपणाचा खर्च. दिवसाकाठी टाकीत जमणारं पाणी बघितलं की गिटार आजवर काय पीत होती ते कळतं. एसी ओलावा काढतो, पण रात्री एसी आणि दिवसा उघडी खिडकी हा झोका गिटारला सततच्या दमटपणापेक्षा वाईट. दुकानात छान वाजलेली गिटार घरी आणल्यावर महिन्याभरात 'बिघडते' त्याचंही कारण बहुधा हेच: दुकान एसीत होतं.

तांदळाची पुरचुंडी केसमध्ये ठेवू नका. ओलावा नावापुरता शोषला जातो, पोरकिडे मात्र नक्की होतात. उघडीप पडली की रिकामी केस उन्हात ठेवा, आतल्या मखमलीला बुरशी धरते. गिटार उन्हात नाही. बंद गाडीत तर कधीच नाही. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ पडतो, आणि मेच्या दुपारी गाडीत दोन्हींपैकी एक नक्की असतं.

उन्हाळ्यासाठी

इथे उपाय स्वस्त आहे. प्रवासातली साबणाची प्लॅस्टिक डबी, वरच्या बाजूला तापलेल्या सुईने दहा-बारा भोकं, आत स्पंजचा तुकडा. स्पंज पाण्यात बुडवून असा पिळायचा की नंतर जोरात दाबूनही थेंब पडणार नाही. एक डबी हेडस्टॉकशेजारी केसमध्ये, एप्रिलमध्ये दुसरी साउंडहोलखाली तारांच्या मधून दोऱ्याने लटकवलेली. तीन दिवसांनी ओली करायची. केस मात्र बंद हवी, नाहीतर तुम्ही पुणे शहर ओलं करत बसाल.

नागपूर-अकोल्याकडच्यांना एक वेगळी सूचना. माझा मावसभाऊ कूलरसमोर बसून वाजवतो. कूलरच्या झोतात मीटर 70 च्या वर, कूलर बंद केला की तासाभरात 25. म्हणजे त्याच्या गिटारला दिवसातून दोनदा ऋतू बदलतो. कूलरच्या खोलीत वाजवा हवं तर, पण झोताच्या वाटेत नको, आणि वाजवून झालं की लगेच केसमध्ये. रत्नागिरीत किंवा गोव्यात गिटार वर्षभर थोडी फुगलेली असते खरी, पण झोके कमी असल्याने एकदा तिथल्या हवेत सेटअप करून घेतला की फारशी कुरकुर करत नाही. ती घाट चढून देशावर आली की मग कुरकुर सुरू.

दोन सॅडल

हे सगळं करूनही ज्यांना चालत नाही, म्हणजे जे कार्यक्रम करतात आणि गिटार रोज दोन तास उघड्या हवेत असते, त्यांनी हाडाची दोन सॅडल करून घ्यावीत: थंडी-उन्हाळ्याचं, आणि त्याहून 0.8 मिमी ठेंगणं पावसाळ्याचं. बाराव्या फ्रेटवर फरक 0.4 मिमीचा पडतो, तेवढा बहुतेक वेळा पुरतो. जूनच्या शेवटी बदलायचं, दिवाळीत परत. तारा बदलताना पाच मिनिटांचं काम. यात कुठलंच हाड वाया जात नाही, आणि मूळ सॅडल घासायची वेळच येत नाही. अट एकच, सॅडल नुसतं खाचेत बसवलेलं हवं. जुन्या पद्धतीचं लांब, ब्रिजच्या दोन्ही टोकांपर्यंत जाणारं सॅडल बहुधा सरसाने चिकटवलेलं असतं. ते घरी उपटायला गेलात तर ब्रिजचा कोपरा हातात येईल. तुम्ही फक्त हवा सांभाळा. माझं पावसाळी सॅडल गेली दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून आहे. केस 50 च्या आसपास राहते, जुलै आणि एप्रिलमधला फरक 0.8 वरून 0.2 मिमीवर आलाय, आणि तो बोटांना कळत नाही.

कारागिराकडे कधी

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत शिरला तर ब्रिज उचलतोय. तारा सैल करा आणि त्याच आठवड्यात न्या. टॉपवर रेषांच्या दिशेने केसासारखी चीर दिसली तर आधी दोन आठवडे ओलावा द्या, चीर मिटते, मग आतून ठिगळ लावणं सोपं जातं. आत टकटक केल्यावर एखाद्या जागी फटफट आवाज येत असेल तर पट्टी सुटलीय.

राहिला नेक रीसेट, ज्याचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. लांब सरळ पट्टी फ्रेट्सवर मधोमध ठेवून ब्रिजकडे सरकवायची. तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकलं किंवा निसटतं वरून गेलं तर नेकचा कोन ठीक, ब्रिजच्या पुढच्या अंगावर आपटलं तर कोन ढळलाय. दशकं जुन्या गिटारला हे कधी ना कधी लागतंच. पण ही परीक्षा जुलैत घ्यायची नाही, कारण तेव्हा ब्रिजच वर चढलेला असतो. मला दुसऱ्या पावसाळ्यात एकाने पट्टी लावून दाखवली होती, टोक ब्रिजच्या अंगावर. नेक काढून परत बसवायला लागेल म्हणाला, खर्चाचा आकडाही सांगितला. तंबोऱ्याची जवारी काढायला आम्ही दसऱ्यानंतर मिरजेला गेलो, आणि परत आल्यावर मी तीच पट्टी परत लावली. माथ्यावर बरोब्बर टेकली.